बिनमालकाचं औषध

२०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ट्युनिशियातल्या एका चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. लिशमानिया नावाच्या परजीवीमुळे कातडीवर व्रण झालेले ३७५ रुग्ण, आणि त्यांचे तीन गट. पहिल्या गटाला १५ टक्के पॅरोमोमायसिन आणि अर्धा टक्का जेंटामायसिन असलेलं मलम, दुसऱ्याला फक्त पॅरोमोमायसिनचं मलम आणि तिसऱ्याला औषध न घातलेलं नुसतं मलम. रोज एकदा, वीस दिवस. पहिल्या गटात ८१ टक्के रुग्णांचा मुख्य व्रण बरा झाला, दुसऱ्यात ८२ टक्के आणि तिसऱ्यात ५८ टक्के. दोन्ही औषधं जुनी. जीवाणूंना मारण्यासाठी शोधलेली, पेटंट कधीच संपलेली. जुन्या प्रतिजैविकांना परजीवींविरुद्ध कामाला लावण्याबद्दल जे काही बोललं जातं त्यातलं बहुतेक सगळं, आशाही आणि फसगतही, या तीन आकड्यांत मावतं. औषध काम करतं, असं पहिल्या दोन आकड्यांवरून दिसतं. दोन औषधं एकत्र केली म्हणून काही जास्त मिळालं नाही, हे त्यांच्यातल्या फरकावरून कळतं. तिसरा आकडा मात्र सगळ्यात कमी वाचला जातो.

आधी आजार. लिशमानिया हा एकपेशीय परजीवी वाळूमाशीच्या चाव्यातून माणसात येतो. वाळूमाशी विदर्भाला अनोळखी नाही. नागपूर जिल्ह्यातल्या एका गावावरून ज्या चंदीपुरा विषाणूला नाव मिळालं, तो विषाणूही ही माशीच पसरवते. लिशमानियाच्या काही जाती यकृत-प्लीहेत ठाण मांडतात. तो काळा आजार. उपचार न झाल्यास बहुतेक वेळा जीव घेतो. काही जाती मात्र कातडीतच राहतात. चाव्याच्या जागी पुळी येते, ती वाढते, फुटते, कडा उचललेला व्रण तयार होतो आणि महिनोन् महिने भरत नाही. भरला की मागे खोल वण राहतो, आणि तो बहुधा चेहऱ्यावर, हातांवर, म्हणजे उघड्या अंगावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सहा ते दहा लाख लोकांना हा कातडीचा प्रकार होतो. अफगाणिस्तान, सीरिया, इराण, पाकिस्तान, अल्जीरिया, ब्राझील, कोलंबिया, पेरू ही त्याची मोठी ठिकाणं. ट्युनिशियात १९८२ पासून जी मोठी साथ पसरली तिची सुरुवात कैरुआन भागात, सिदी साद धरणाच्या परिसरात झाली. पाणी आलं, जमिनीचा वापर बदलला, परजीवी पोसणारे उंदीरवर्गीय प्राणी आणि माणसं एकमेकांच्या जवळ आली. भारतात बिकानेरच्या वाळवंटी भागात हा आजार जुना आहे, हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात आहे आणि केरळात पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला अगस्त्यमलैच्या आदिवासी पाड्यांवरही सापडला आहे. ‘दिल्ली फोड’ म्हणून तो इंग्रज डॉक्टरांना माहीत होता. डेव्हिड कनिंगहॅम यांनी १८८५ साली कलकत्त्यात अशा फोडातल्या पेशींमधले सूक्ष्म जीव टिपले होते. लिशमन आणि डोनोव्हन यांची नावं परजीवीला चिकटली ती त्यानंतर अठरा वर्षांनी.

या आजारावरचं शतकभराचं मुख्य औषध अँटिमनी. ब्राझीलमध्ये गास्पार व्हियाना यांनी १९१२ मध्ये अँटिमनीचा क्षार कातडीच्या लिशमानियावर वापरला आणि कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी युरिया स्टिबामाइन तयार करून काळ्या आजाराचे असंख्य रुग्ण वाचवले. पण अँटिमनी म्हणजे जड धातू. रोज एक इंजेक्शन, वीस दिवस. हृदयाच्या ठोक्यांवर आणि स्वादुपिंडावर परिणाम होण्याचा धोका कायम. थेट व्रणात टोचलं तर विषबाधा कमी होते, पण आठ वर्षांच्या मुलीच्या नाकाच्या शेंड्यात सुई घालायची तर काय होतं याची कल्पना करायला डॉक्टर असण्याची गरज नाही. आजार जीवघेणा नाही आणि औषध मात्र जिवाला घोर लावणारं, हे गणितच मुळात चुकीचं आहे. म्हणून लावता येईल असं, स्वस्त आणि सौम्य औषध हवं होतं. ते नव्याने शोधायला कुणी तयार नव्हतं. ज्यांच्या चेहऱ्यावर हे व्रण येतात त्यांच्या खिशात त्या शोधाची किंमत नव्हती. उरलं ते आधीच असलेल्या औषधांच्या कपाटात हात घालणं.

त्या कपाटात पॅरोमोमायसिन होतं. स्ट्रेप्टोमायसिसवर्गीय मातीतल्या जीवाणूपासून १९५०च्या दशकात मिळालेलं हे प्रतिजैविक. निओमायसिन, कॅनामायसिन यांचं भावंड. पोटातल्या अमिबावर ते वापरलं जाई. लिशमानियावर ते चालतं याची चाहूल १९६०च्या दशकातच लागली होती. जीवाणूंसाठीचं औषध परजीवीवर का चालावं, याचं उत्तर जीवशास्त्रात आहे. या गटातली औषधं जीवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला, एका ठरावीक जागी चिकटतात. मग संदेश चुकीचा वाचला जातो आणि बिघडलेली प्रथिनं तयार होतात. माणसाच्या रायबोसोममध्ये ती जागा वेगळ्या घडणीची असते म्हणून आपण बचावतो. लिशमानियाची पेशी आपल्यासारखी केंद्रक असलेली, पण त्याच्या रायबोसोमची ती जागा आपल्यापेक्षा पॅरोमोमायसिनला अधिक अनुकूल आहे. गेल्या दशकात लिशमानियाच्या रायबोसोमची अणूंच्या पातळीवरची चित्रं मिळाली, त्यांत हे औषध नेमकं तिथे बसलेलं दिसलं. अ‍ॅम्फोटेरिसिन बी या दुसऱ्या जुन्या औषधाची गोष्टही अशीच. ते व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून १९५०च्या दशकात मिळालं, बुरशीवरचं औषध म्हणून. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशीत कोलेस्टेरॉल. लिशमानियाच्या आवरणातही एर्गोस्टेरॉलच. म्हणजे जुन्या औषधाला नवं काम सापडतं ते निव्वळ नशिबाने नाही. दोन वेगळ्या जीवांत उत्क्रांतीने एकच कच्चा दुवा ठेवलेला असतो, आणि तो कुणाला तरी दिसावा लागतो.

दिसल्यावरही पुढे काय होतं, हा खरा प्रश्न आहे. माझा मुद्दा इतकाच की अशा औषधाचा रेणू जवळजवळ फुकट मिळतो, पण ते चालतं याचा पुरावा फुकट मिळत नाही, आणि तो खर्च करायला औषधाला मालक उरलेला नसतो. पेटंट असलेल्या औषधाची कंपनी शेकडो रुग्णांवर चाचण्या करते, कारण त्या चाचण्यांतून तिला विक्रीची मक्तेदारी मिळते. पेटंट संपलेल्या औषधावर कुणी चाचणी केली तर निकालाचा फायदा शेजारची कंपनी दुसऱ्या दिवशी उचलते. त्यामुळे स्वस्तपणा, ज्याच्यासाठी आपण जुन्या औषधाकडे वळतो, तोच त्याच्या वाटेतला अडथळा होतो. पॅरोमोमायसिनच्या इंजेक्शनचा इतिहास याचा पुरेसा दाखला आहे. काळ्या आजारावर ते चालतं याचे संकेत दशकानुदशकं होते, जागतिक आरोग्य संघटनेच्या उष्णकटिबंधीय रोग-संशोधन विभागाने केनिया आणि बिहारमध्ये त्याचा पाठपुरावाही केला होता, पण शेवटची मोठी चाचणी आणि नोंदणी अडून राहिली. २००० साली व्हिक्टोरिया हेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘इन्स्टिट्यूट फॉर वनवर्ल्ड हेल्थ’ ही नफा न कमावणारी औषध कंपनी काढली आणि गेट्स फाउंडेशनच्या पैशांवर हे औषध हाती घेतलं. बिहारमधल्या ६६७ रुग्णांवर चाचणी झाली, पॅरोमोमायसिनने ९४.६ टक्के रुग्ण बरे झाले, तुलनेच्या अ‍ॅम्फोटेरिसिन गटात ९८.८ टक्के. ऑगस्ट २००६ मध्ये भारताने मान्यता दिली, हैदराबादच्या ग्लँड फार्माने उत्पादन केलं आणि २००७ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. चाळीस वर्षं रखडलेलं काम पालक मिळाल्यावर सहा-सात वर्षांत झालं. यात नवा शोध जवळजवळ नव्हता. कुणीतरी पुराव्याची जबाबदारी घेतली, एवढाच फरक होता. पूर्व आफ्रिकेत तर हेच औषध अँटिमनीला जोडलं आणि महिनाभराची इंजेक्शनं सतरा दिवसांवर आली.

मलमाला मात्र असा पालक पुरता मिळाला नाही. इस्रायलमध्ये १९८०च्या दशकापासून पॅरोमोमायसिनचं एक मलम वापरात आहे. त्यातलं जोडद्रव्य कातडी चुरचुरवतं, लाल करतं. अमेरिकेच्या लष्कराला वाळवंटात जाणाऱ्या सैनिकांसाठी अधिक सौम्य मलम हवं होतं, म्हणून त्याच्या वॉल्टर रीड संस्थेने नवं मलम तयार केलं आणि पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ट्युनिशियातल्या शाखेबरोबर ती चाचणी केली. (कातडीच्या लिशमानियावरचं बरंचसं संशोधन लष्कराच्या पैशांवर झालं, ही गोष्ट थोडी अस्वस्थ करणारी आहे. सैनिक घरी परततो, गावातली मुलगी तिथेच राहते.) पुरावा जगातल्या सगळ्यात मानाच्या नियतकालिकात छापून आला, तरी आजही अफगाणिस्तान किंवा सीरियातल्या रुग्णाला ते मलम औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. म्हणजे पुरावा मिळाला तरी उत्पादन, नोंदणी, खरेदीची हमी ही पुढची साखळी बिनमालकाचीच राहिली.

आता त्या तिसऱ्या आकड्याकडे. औषध नसलेलं मलम लावूनही ५८ टक्के व्रण बरे झाले, कारण ट्युनिशियातल्या लिशमानिया मेजर या जातीचा व्रण बहुतेकांत काही महिन्यांत आपोआप भरतो. व्रण धुणं, झाकणं, त्यात जीवाणू न शिरू देणं यानेही फरक पडतो. समजा ही चाचणी नियंत्रण गटाशिवाय झाली असती. दहापैकी आठ रुग्ण बरे झाले, एवढं वाचून औषधाला १०० पैकी ८० गुण दिले गेले असते. प्रत्यक्षात औषधाची स्वतःची कमाई साधारण २३-२४ टक्क्यांची आहे. ती कमी नाही. चेहऱ्यावरचा वण टळणं, महिनोन् महिन्यांचा त्रास आठवड्यांवर येणं याची किंमत रुग्णालाच विचारावी. पण आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारात कुठलंही औषध देखणं दिसतं, आणि कातडीच्या लिशमानियावर ‘गुणकारी’ ठरलेल्या जुन्या औषधांची यादी एवढी लांब असण्याचं हेच मुख्य कारण आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिनचं उदाहरण बोलकं आहे. प्रयोगशाळेत आशा दिसली, ब्राझीलमधल्या काही रुग्णांत उत्साह वाढवणारे निकाल आले. पुढे अर्जेंटिनात अँटिमनीशी समोरासमोर तुलना झाली तेव्हा ते स्पष्टपणे मागे पडलं. पनामात पंधरा-पंधरा रुग्णांच्या लहान चाचणीत जेंटामायसिन मिसळलेल्या मलमाने ८७ टक्के बरे झाले आणि साध्या पॅरोमोमायसिनने ६० टक्के. तेव्हा वाटलं, अमेरिका खंडातल्या जातींना जोडी लागते. पुढच्या मोठ्या चाचणीत तो फरक टिकला नाही.

पुराव्याशिवाय जुनं औषध नव्या कामाला लावलं की काय होतं ते आपण करोनाच्या काळात पाहिलंच. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरच्या सगळ्यांना प्रतिबंधक म्हणून आयव्हरमेक्टिन देण्याचं जाहीर केलं. आयव्हरमेक्टिन हेही मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसचंच देणं. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी गोळा केलेल्या मातीतून ते आलं आणि त्याबद्दल ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. त्याची परजीवींविरुद्धची कामगिरी वादातीत आहे. फिजी बेटांवर खरजेसाठी गावंच्या गावांना त्याच्या गोळ्या दिल्या, तेव्हा वर्षभरात खरजेचं प्रमाण ३२.१ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आलं. पण करोनावर, नंतरच्या मोठ्या नियंत्रित चाचण्यांत, त्याचा उपयोग दिसला नाही. औषध सुरक्षित, स्वस्त आणि दुसऱ्या आजारात नावाजलेलं, एवढ्यावरून तिसऱ्या आजारात ते चालेल असा निष्कर्ष निघत नाही. गोव्याच्या निर्णयामागे हेतू वाईट नव्हता. तातडी होती आणि हाताशी गोळ्या होत्या. अशा वेळी ‘द्यायला काय हरकत आहे’ हा प्रश्न फार जड पडतो.

हरकत आहे, आणि ती सगळ्यात गंभीर आक्षेपाशी जोडलेली आहे. प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू वाढत असताना ही औषधं आणखी एका कामासाठी खर्च करावीत का? अंगात गेलेलं प्रतिजैविक परजीवीपुरतं थांबत नाही. आतड्यातल्या, नाकातल्या, कातडीवरच्या लाखो जीवाणूंवर ते निवडीचा दाब टाकतं. बिकानेरच्या डॉक्टरांनी २००० साली रिफॅम्पिसिनची चाचणी प्रसिद्ध केली: महिनाभर रोज मोठी मात्रा, प्लासिबो गट ठेवून, थोड्या रुग्णांवर, निकाल आश्वासक होते. जवळ असलेल्या साधनांत शिस्तीने केलेलं काम म्हणून मी त्याचा आदर करतो. तरीही सार्वजनिक धोरण म्हणून त्याला माझा विरोध आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. त्यांच्या उपचाराचा कणा रिफॅम्पिसिन आहे, कुष्ठरोगाच्याही. ते एकटं द्यायचं नाही हा क्षयोपचाराचा पहिला नियम, कारण एकटं दिलं की प्रतिकार लवकर तयार होतो. छातीत न ओळखलेला क्षय असलेल्या माणसाला गालावरच्या व्रणासाठी महिनाभर एकटं रिफॅम्पिसिन दिलं, तर व्रण भरेल आणि क्षयाचं मुख्य औषध हातचं जाईल. जेंटामायसिनचंही तसंच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाच्या जंतुसंसर्गावर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या कामाने घरी जन्मलेल्या बाळांचे मृत्यू कसे रोखता येतात हे जगाला दाखवलं. असं औषध मलमात घालायचं तर त्याने काहीतरी जास्त द्यायला हवं. ट्युनिशियाच्या ८१ आणि ८२ या आकड्यांनी ते देत नाही हे सिद्ध केलं. तो निकाल अनेकांना निराशाजनक वाटला असेल; माझ्या मते तो त्या चाचणीचा सगळ्यात उपयोगी निकाल आहे. एक महत्त्वाचं प्रतिजैविक त्याने मोकळं केलं.

पण या आक्षेपाचा अर्थ परजीवींवर प्रतिजैविकं वापरूच नयेत असा होत नाही. पॅरोमोमायसिन जीवाणूंच्या आजारांत आज फारसं वापरलं जात नाही, आणि मलमातून त्याचा अत्यल्प भाग रक्तात जातो. इंजेक्शनने होऊ शकणारा कानाचा आणि मूत्रपिंडाचा त्रास मलमात नगण्य आहे, तसाच आतड्यातल्या जीवाणूंवरचा दाबही. निओमायसिन-कॅनामायसिनशी त्याचं नातं असल्याने धोका शून्य म्हणता येणार नाही, पण वजन करायला तो हलका आहे. शिवाय उलट्या बाजूचा हिशोब बहुतेकदा सुटतो. परजीवीने उकरलेल्या कातडीत जीवाणू शिरतात आणि मग त्यांच्यासाठी प्रतिजैविकं लागतात. फिजीत खरजेवर आयव्हरमेक्टिन दिल्यावर तिथल्या मुलामाणसांतली जीवाणूंची पुळ्या-फोडांची बाधाही २४.६ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आली, तीही जीवाणूंसाठी वेगळं औषध न वाटता. परजीवीचा नीट उपचार हा प्रतिजैविकांची बचत ठरू शकतो.

एक प्रकार या सगळ्यांहून विलक्षण आहे, आणि त्यात प्रतिजैविक आपलं मूळचंच काम करतं. आफ्रिकेतल्या नदीकाठच्या गावांत ऑन्कोसर्का नावाचा कृमी कातडीखाली गाठी करतो. त्याची लाखो पिल्लं कातडीत फिरतात, असह्य खाज येते, कातडी जाड आणि सुरकुतलेली होते, डोळ्यांत पोचली तर दृष्टी जाते. या कृमीच्या पेशींत वॉल्बाकिया नावाचे जीवाणू राहतात आणि त्यांच्याशिवाय मादीला पिल्लं होत नाहीत. आखिम होएराउफ आणि सहकाऱ्यांनी २००० साली घानातल्या रुग्णांवरचं काम प्रसिद्ध केलं: सहा आठवडे रोज डॉक्सिसायक्लिन दिलं की जीवाणू मरतात आणि मादी वांझ होते. कल्पना इतकी सुंदर की तिच्या प्रेमात पडायला होतं. पण सहा आठवडे रोज गोळी, तीही लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देता येत नाही, हे गावोगावच्या औषधवाटपाला झेपणारं नाही. त्याच कुळातला कृमी आपल्याकडे हत्तीरोग करतो. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीला तो चांगला माहीत आहे, आणि आयव्हरमेक्टिनसह तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम देशात सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत झाली त्यांत नागपूर होतं. घानातल्या एका चाचणीत डॉक्सिसायक्लिनने सुजलेल्या पायांची कातडी सुधारते असं दिसलं होतं. पुढे भारत, श्रीलंका आणि माली इथे काळजीपूर्वक चाचण्या झाल्या; सगळ्यांना पाय धुण्याची, कोरडे ठेवण्याची, जखमा सांभाळण्याची नीट शिकवण दिली आणि अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना प्लासिबो. औषधाचा वेगळा फायदा दिसला नाही. साबण, पाणी आणि देखरेख यांनी जे झालं ते दोन्ही गटांत झालं. अशा निकालांची बातमी होत नाही. सुदैवाने तिथे पुराव्यासाठी पैसा देणारं कुणीतरी होतं, म्हणून ते कळलं तरी.

जिथे तसं कुणी नसतं तिथे औषध हरतही नाही, जिंकतही नाही; नुसतं पडून राहतं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली उभ्या राहिलेल्या सरकारी कारखान्यात, एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन शोधलं. ज्या जीवाणूपासून ते मिळालं त्याच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे. अ‍ॅम्फोटेरिसिनच्याच जातकुळीतलं, बुरशीवरचं औषध. १९९०च्या दशकात कलकत्त्याच्या शास्त्रज्ञांनी ते चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून लिशमानिया झालेल्या हॅमस्टरवर वापरलं आणि चांगला परिणाम नोंदवला. तिथून पुढे ते रुग्णांपर्यंत पोचलं नाही. ते पोचायलाच हवं होतं असा दावा मी करणार नाही. विषारीपणामुळे ते पहिल्याच पायरीवर बाद झालं असतं, हेही शक्य आहे. पण बाद झालं असतं तर कशामुळे, एवढंही विचारणारं कुणी नव्हतं. त्याच सुमारास अ‍ॅम्फोटेरिसिनला चरबीच्या गोळ्यांत भरणाऱ्या परदेशी कंपन्यांकडे पेटंटही होतं आणि भांडवलही.

यावर दुसरा आक्षेप येतो तो असा: जुन्या औषधांचे कपडे उसवून-शिवून वापरण्यापेक्षा नवं, नेमकं औषध का शोधू नये? शोधावंच. नोव्हार्टिस आणि ‘डीएनडीआय’ ही दुर्लक्षित आजारांवरची संस्था मिळून लिशमानियावर तोंडाने घ्यायचं नवं औषध आणत आहेत आणि त्याच्या चाचण्या भारतातही झाल्या आहेत. पण नवा रेणू प्रयोगशाळेतून गावात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि वाटेत बहुतेक रेणू गळतात. दुसरीकडे, जुनं औषध सगळीकडे चालेल असंही नाही. दक्षिण अमेरिकेतली लिशमानिया ब्राझिलिएन्सिस ही जात कातडीवरून नाकाच्या आतल्या भागात, घशात जाऊ शकते; तिथे नुसत्या मलमावर विसंबणं धोक्याचं. बिहारमध्ये काळा आजार बरा झाल्यावर काही रुग्णांच्या अंगभर फिकट चट्टे आणि गाठी उठतात. रुग्णाला त्रास फारसा नसतो, पण वाळूमाशी त्या कातडीतून परजीवी उचलते, म्हणून काळा आजार संपवायचा तर हे चट्टे संपवावे लागतात. अंगभराच्या चट्ट्यांना मलम पुरणार नाही. त्यासाठी बारा आठवडे मिल्टेफोसिन दिलं जातं (तेही उसनंच, मूळचं कर्करोगासाठीचं) आणि त्याने काहींच्या डोळ्यांना इजा होते असं दिसल्यावर जपून वापरण्याच्या सूचना आल्या. तेव्हा ‘जुनं की नवं’ हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही. कुठल्या जातीवर, शरीराच्या कुठल्या भागावर, कुठलं औषध, आणि ते औषध दुसऱ्या कुणाच्या जिवावर तर उठत नाही ना, हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

औषध सामायिक असलं की टंचाईही सामायिक होते, हे महाराष्ट्राने एकदा फार जवळून पाहिलं. चरबीच्या गोळ्यांत भरलेल्या अ‍ॅम्फोटेरिसिनचा एकच डोस बिहारमधल्या काळ्या आजाराचा पहिल्या पसंतीचा उपचार झाला होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे झाले होते आणि ‘गिलियड’ कंपनी जागतिक आरोग्य संघटनेमार्फत त्याच्या कुप्या दान देत होती. मग २०२१ च्या मे महिन्यात करोनातून उठलेल्या हजारो रुग्णांना काळी बुरशी झाली. तिच्यावरचं औषधही हेच. नागपुरात, पुण्यात, मुंबईत नातेवाईक कुप्यांसाठी दारोदार फिरले, उच्च न्यायालयात वाटपाचे हिशोब मागितले गेले, वर्ध्यातल्या एका कारखान्याने घाईने अ‍ॅम्फोटेरिसिनची इंजेक्शनं बनवायला घेतली. एरवी या औषधाला भारतात मोठी मागणी नव्हती, त्यामुळे फार कुणी ते बनवत नव्हतं आणि साठाही बेताचा होता. काळ्या आजाराचा कार्यक्रम दानाच्या कुप्यांवर आणि बुरशीचा उपचार बाजाराच्या कुप्यांवर चालत होता, आणि देशाला एकूण किती लागेल याचा एकत्रित हिशोब कुणाच्याच टेबलावर नव्हता. अशा औषधांची यादी फार लांब नाही: अ‍ॅम्फोटेरिसिन, पॅरोमोमायसिन, मिल्टेफोसिन आणि आणखी काही मोजकी. त्यांचा किमान साठा आणि किमान उत्पादन सरकारने आधीच ठरावीक दराने विकत घेण्याची हमी दिली, तर पिंपरीसारख्या सरकारी कारखान्यांना पडीक यंत्रांसाठी काम मिळेल, आणि बिकानेरचा डॉक्टर क्षयाचं औषध व्रणावर खर्च करण्याआधी पॅरोमोमायसिनच्या मलमाची ट्यूब मागवू शकेल. बिकानेरचा परजीवी मात्र ट्युनिशियातला नव्हे, लिशमानिया ट्रॉपिका. त्याचा व्रण भरायला अनेकदा वर्ष जातं. केरळ आणि हिमाचलातला तर काळ्या आजाराचाच भाऊबंद. ट्युनिशियाचे आकडे तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, म्हणून ट्यूब मागवण्याआधी त्या तिन्ही ठिकाणी नियंत्रण गटासह एकेक चाचणी करावी लागेल, आणि तिचं बिल भारत सरकारलाच भरावं लागेल.